स्पीकरच्या पायाखालची जमीन

आज बोलायचं आहे ते टॉवर स्पीकरच्या पायांविषयी. विषय एवढासा वाटेल. पण त्याच्याभोवती परीक्षणांचा मोठा पसारा उभा राहिला आहे, आणि आमची तक्रार त्या परीक्षणांबद्दल आहे.

तुम्हीही ती वाचली असतील. स्पीकरचे मूळचे रबरी पाय काढले, स्पाइक म्हणजे धातूचे अणकुचीदार पाय लावले, आणि बास घट्ट झाला, गायकाचा आवाज मोकळा झाला. दुसऱ्या परीक्षणात स्पाइक काढून महागडे मऊ पॅड लावतात, आणि बास पुन्हा घट्ट होतो! एक म्हणतो स्पीकर जमिनीला जखडा, दुसरा म्हणतो जमिनीपासून तोडा. उपाय उलटे, वर्णन मात्र तेच. मग हे वर्णन नक्की कशाचं?

आम्हीही या फेऱ्यातून गेलो आहोत. २५ किलोचा स्पीकर, चार स्पाइक, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. स्पाइकखाली ठेवायच्या चकत्या आम्ही डब्यातच ठेवल्या, कारण थेट टेकवलेला स्पाइक बरा, असं वाचलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर सरकवला आणि टाइलचा टवका उडाला. त्या छटेची टाइल पुन्हा मिळाली नाही. नंतर हिशेब केला. एका स्पाइकवर सव्वासहा किलो. टोकाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मिलिमीटर धरलं, तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला १२५० किलो. हा हिशेब आधी करायला हवा होता.

स्पाइक मुळात कशासाठी? ब्रिटनमधल्या घरांत लाकडी फळ्यांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड कार्पेट असतं. त्यावर उंच, निमुळता स्पीकर डुलतो. स्पाइक कार्पेटमधून आरपार जाऊन फळीवर टेकतो, स्पीकर स्थिर होतो. तिथे तो अगदी रास्त आहे. आपल्याकडे स्लॅब, त्यावर कोटा नाहीतर टाइल. भोसकायला कार्पेटच नाही! अडचण त्यांची होती, आपण उपाय तेवढा उचलला.

आता म्हणतात, स्पाइक हा कंपनांचा एकेरी रस्ता आहे. पेटीतली कंपनं खाली जातात, जमिनीतली वर येत नाहीत. असं होत नाही. दोन घन वस्तू एकमेकींना टेकल्या की कंपन दोन्हीकडून जातं. टोक अणकुचीदार केल्यानं दिशा ठरत नाही.

वूफरच्या धक्क्यानं पेटी मागेपुढे हलते आणि आवाज पुसट होतो, हा दुसरा दावा. वूफरचा हलणारा भाग ३० ग्रॅमचा धरा, पेटी २५ किलोची. गुणोत्तर साधारण १:८३०. पेटी अगदी मोकळी ठेवली आणि शंकू ५ मिलिमीटर हलला, तरी पेटी हलेल ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी इतकी, म्हणजे सहा. यातून गायकाचा आवाज मोकळा होतो म्हणणाऱ्यानं जरा जास्त पुरावा द्यायला हवा.

मऊ पॅडचंही गणित आहे. पॅड स्पीकरच्या वजनानं किती दबतो, त्यावर सगळं ठरतं. साध्या स्प्रिंगसारखा धरला तर पाव मिलिमीटर दबणाऱ्या पॅडची स्वतःची कंपनसंख्या ३२ हर्ट्झच्या आसपास येते. अडीच मिलिमीटर दबला तर १० हर्ट्झ. त्या आकड्याच्या दीडपट वर गेल्यावरच पॅड कंपन अडवू लागतो. त्या आकड्याजवळ तर उलट वाढवतो. म्हणून पातळ फेल्टची चकती ओरखडे वाचवते, बास नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना धडधड ऐकू येते म्हणून पॅड घेणार असाल, तर सांगतो: खोल बास बराचसा हवेतूनच भिंतींना आणि स्लॅबला हलवतो. त्यावर खात्रीचा उपाय आवाजाच्या बटणात आहे.

मग परीक्षकांना फरक ऐकू येतो तो खोटा? खोटं बोलतात असं आम्ही म्हणत नाही. पाय बदलताना स्पीकर उचलला जातो, दोनचार सेंटिमीटर सरकतो, उंची बदलते. नुसता एक अंश कलला, तरी अडीच मीटरवर ट्वीटरचा रोख चार सेंटिमीटरनं वरखाली होतो. शिवाय बदलाबदलीत दहापंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात बायाचा घुमार नेमका कसा होता, हे कान विसरतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना तेच स्पीकर आधी झाकून, मग दाखवून ऐकवले. दिसू लागल्यावर गुण बदलले, आणि जागा बदलल्यानं पडणारा खरा फरक श्रोत्यांना कमी जाणवू लागला. डोळे कानावर मात करतात, ते असं. पायांच्या किती परीक्षणांत स्पीकर झाकलेले असतात?

तर करायचं काय? आधी स्पीकर डुलतो का बघा. कोपरे दाबा, पाय फिरवून समतल करा. घरात लहान मूल असेल तर स्थिरता सगळ्यात आधी. लाकडी जमिनीवर जाड कार्पेट असेल, तर स्पाइक. टाइल किंवा दगडी फरशीवर सपाट रबरी पाय पुरेत. स्पाइकच हवे असतील तर खाली चकत्या. रोज लादी पुसली जात असेल तर फेल्ट नको, ते पाणी पितं. जुन्या वाड्याचा किंवा चाळीचा लाकडी तक्ता असेल आणि बास लागला की तोच घुमत असेल, तर पुरेसा दबणारा मऊ पॅड खरंच उपयोगी पडेल. तिथे पैसे घाला.

बाकीच्यांनी त्या पैशांत एक सतरंजी घ्यावी, स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे-मागे सरकवून बघावेत. फरक ऐकू येईल, आणि त्यासाठी परीक्षण वाचावं लागणार नाही. चकत्या मात्र डब्यात ठेवू नका.