‘पण’ नव्हे, ‘आणि’

सोयरिकीच्या बैठकीत एक वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले आहे : ‘मुलगी काळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ त्यातले सारे विष त्या ‘पण’मध्ये साठलेले असते. नीना सिमोन या अमेरिकन गायिकेने १९६९ साली एक गाणे केले. त्याच्या नावाचा अर्थ इतकाच : तरुण असावे, गुणी असावे आणि काळे असावे. तिथे ‘पण’ नाही. काळेपणाला गुणांच्या पंक्तीतच पाट मांडून बसविले आहे.

हे नाव नीनाला सुचलेले नव्हे. लोरेन हॅन्सबेरी ही तिची नाटककार मैत्रीण १९६५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारली. तिच्या लेखनातून तिच्या पश्चात जे नाटक रचले गेले, त्याचे हे नाव. शब्द वेल्डन अर्विनचे, चाल नीनाची. म्हणजे मुलांना उभारी देणारे हे गीत मुळात मैत्रिणीच्या स्मरणातून आलेले आहे. नीनाची आई धर्मोपदेशिका होती. पियानोवर पडणाऱ्या हातांत ती प्रार्थना ऐकू येते.

आपली वृत्तपत्रे अशा जागी ‘कृष्णवर्णीय’ असा सोवळा शब्द योजतात. हेतू चांगला असेल, परंतु त्याने गाण्याचा प्राणच जातो. त्या वेळेपावेतो अमेरिकेत सभ्य माणसे ‘निग्रो’ म्हणत. ‘ब्लॅक’ हा शब्द टोचण्यासाठी होता. तोच उचलून जेम्स ब्राउनने १९६८ साली मुलांच्या साथीने अभिमानाची आरोळी ठोकली. आरोळी आपल्या जागी ठीक. नीनाचे गाणे मुलाला जवळ घेऊनही म्हणता येते.

आणि म्हणणारी कोण? मैफलीची पियानोवादक होण्याची जिला आस होती, ती. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. रंगामुळेच, असे ती पुढे सांगत राहिली. त्याच संस्थेने २००३ साली, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, तिला मानद पदवी दिली. असो.

एक उणे मात्र सांगितलेच पाहिजे. या गाण्यात मध्येच उपदेशाचा सूर चढतो आणि शाळेतल्या सुविचाराच्या फळ्याची आठवण होते. तो फळा लिहिणाऱ्यांपैकी मी एक; मुले तो वाचत नाहीत! म्हणून आधी तिचे १९६६ सालचे ‘फोर विमेन’ ऐकावे. चार बायका, रंगाच्या चार छटा. प्रत्येक जण आपली कातडी सांगते आणि शेवटी नाव. एकीचा जन्मच गोऱ्या बापाने आईवर केलेल्या जुलमातून झालेला. स्तुतीचा शब्द कुठेच नाही. चौथी आपले नाव उच्चारते तेव्हा नीनाचा आवाज अक्षरशः फुटतो. हे ऐकल्यावर तो ‘आणि’ केवढ्याला पडला ते कळते.

१९६९च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या उत्सवात नीना हे गाणे गायिली. त्या उत्सवाचे बहुतेक चित्रण पन्नास वर्षे पडून होते. २०२१ साली ‘समर ऑफ सोल’ या चित्रपटातून ते बाहेर आले. नीना पियानोशी बसली आहे, आणि ज्यांच्यासाठी हे गाणे, ती माणसे मुलाबाळांसह समोरच्या मैदानात आहेत.