लाल क्रॉस कुणाचा?

आरोग्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा लोगो करायला घेतला, की पहिल्या दहा मिनिटांत कागदावर काय येतं? क्रॉस, हृदय, नाहीतर ईसीजीची वरखाली रेघ. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे.

पांढऱ्यावरचा लाल क्रॉस ही सजावट नव्हे. १८६४च्या जिनिव्हा करारानं तो ठरवला. स्विस झेंड्याचेच रंग, उलटे केलेले. युद्धात त्याचा अर्थ एकच : इथे जखमी आहेत, गोळी झाडू नका. भारतात १९६०च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो वापरता येत नाही. तरी तो ॲपवर, गाडीच्या काचेवर सर्रास दिसतो. असा दिसत राहिला, की रणांगणावरचं त्याचं वजन कमी होतं.

सापांचंही तसंच. वैद्यकाचा ग्रीक देव अस्क्लेपियस. त्याच्या काठीला एकच साप. दोन साप आणि पंख असलेला दंड हर्मिसचा, म्हणजे व्यापाराच्या देवाचा! अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय विभागानं १९०२मध्ये तो घेतला, आणि घोटाळा पसरला.

मग काढायचं काय? आधी विचारा, हे सॉफ्टवेअर करतं काय? ते नाडी पाहत नाही. एका टेबलावरची नोंद दुसऱ्या टेबलावर बिनचूक पोचवतं. पेशंटला धास्ती असते ती आपला रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाण्याची. म्हणून लोगोत हृदयापेक्षा त्या बिनचूकपणाचा भरवसा दिसू दे. आणि मोबाइलवर नखाएवढा झाला तरी तो ओळखू येऊ दे.