‘गोपनीयता धोरण’ : एका गद्यप्रकाराचे भाषिक परीक्षण

हुंडी, कबुलायत, भाडेचिठ्ठी, पावतीच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेल्या अटी, या गद्यप्रकारांकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. भाषाभ्यासकाने तरी ते द्यावयास हवे. कारण भाषेने माणूस बांधला जातो तो मुख्यतः अशाच लेखनात. या कुळात गेल्या सुमारे तीस वर्षांत एका प्रकाराची भर पडली आहे. महाजालावर दुकान मांडणारा विक्रेता आपल्या पृष्ठाच्या तळाशी जे निवेदन ठेवतो आणि ज्यास मराठीत ‘गोपनीयता धोरण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तो हा प्रकार होय. तो कोणी वाचत नाही हे सर्वश्रुत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅकडोनाल्ड व क्रेनर या दोघींनी २००८ साली असा हिशेब मांडला की, एका अमेरिकन माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या स्थळांची निवेदने नुसती वाचावयाची म्हटली तरी दोनशेहून अधिक तास लागतील. परंतु हा दोष केवळ लांबीचा नव्हे. तो या प्रकाराच्या जन्मातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा जन्म अमेरिकेत झाला. १९९८ च्या जूनमध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १४०० हून अधिक स्थळांच्या पाहणीचा अहवाल काँग्रेसला सादर केला. ८५ टक्क्यांहून अधिक स्थळे वैयक्तिक माहिती गोळा करीत होती. व्यापारी स्थळांच्या नमुन्यात मात्र त्याविषयी काही ना काही सूचना देणारी १४ टक्के, आणि सविस्तर निवेदन ठेवणारी सुमारे २ टक्केच निघाली. तरीही कायदा न करता व्यापाऱ्यांनीच स्वतःस नियम घालून घ्यावेत, हा विचार त्या काळी प्रबळ होता. मे २००० मध्ये कमिशनने स्वनियमन अपुरे ठरल्याचे सांगून कायद्याची शिफारस केली. परंतु तसा सर्वसाधारण संघीय कायदा तेथे अद्याप झालेला नाही. परिणामी व्यवस्था अशी राहिली : सर्वसामान्य दुकानदाराने निवेदन प्रसिद्ध करावेच अशी संघीय सक्ती नाही; मात्र एकदा केले की ते वचन समजले जाते, आणि ते मोडल्यास फसव्या व्यवहाराविरुद्धच्या जुन्या कायद्याखाली कमिशन कारवाई करू शकते. थोडक्यात, शिक्षा माहिती विकण्याबद्दल नाही, शब्द मोडण्याबद्दल आहे.

या व्यवस्थेने भाषेचे काय केले हे टॉयस्मार्टच्या प्रकरणात स्वच्छ दिसते. मॅसॅच्युसेट्समधील ही कंपनी महाजालावर खेळणी विकीत असे. ग्राहकांची माहिती तिऱ्हाइताला कधीही दिली जाणार नाही, असे तिने लिहून ठेवले होते, आणि ट्रस्टई या संस्थेची मोहोरही त्यावर मिळविली होती. २००० साली धंदा बुडाला. देणी भागविण्यासाठी मालमत्ता विक्रीस काढली, तेव्हा तीत ग्राहकांची यादीही होती. नावे, पत्ते, खरेदीच्या आवडी आणि मुलांच्या जन्मतारखासुद्धा तिच्यात होत्या. जुलैमध्ये कमिशनने दावा लावला. कौटुंबिक व्यवसायातील योग्य ग्राहकास संपूर्ण स्थळासह यादी विकण्यास मुभा देणारी तडजोडही झाली. पण तीस अनेक राज्यांच्या ॲटर्नी-जनरलांनी हरकत घेतली. अखेर जानेवारी २००१ मध्ये डिस्नेच्या एका उपकंपनीने ५०,००० डॉलर भरून ती यादी नष्ट करविली.

वरवर पाहता हा वचनाचा विजय वाटतो. परंतु त्यातून व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी घेतलेला धडा निराळा होता. टॉयस्मार्टला गोत्यात आणले ते ‘कधीही नाही’ या शब्दांनी. तेव्हा वचन पाळण्याची तजवीज करण्यापेक्षा ते शब्दच टाळणे सोपे. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपल्या निवेदनात बदल केला व व्यवसायाचे हस्तांतरण झाल्यास ग्राहकांची माहितीही हस्तांतरित होणाऱ्या मालमत्तेत मोडेल, असे नमूद केले. बेइमानी म्हणून याची संभावना करता येणार नाही. उलट ते अधिक खरे बोलणे होते. पण पुढे या प्रकाराची जी शैली रूढ झाली तीत ‘देतो’ आणि ‘देत नाही’ ही क्रियापदे मागे पडली व ‘देऊ शकतो’चे राज्य सुरू झाले. जेथे केवळ मोडलेले वचनच दंडास पात्र असते, तेथे अस्पष्टता हे संरक्षण ठरते. मोहोर देणाऱ्यांची गतही पाहण्याजोगी आहे : २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक प्रसंगी वार्षिक फेरतपासणी केली नाही, असा ठपका कमिशनने २०१४ मध्ये खुद्द ट्रस्टईवर ठेवला, आणि संस्थेने २,००,००० डॉलर भरण्याचे मान्य केले.

मोठ्या कंपनीजवळ निदान स्वतःचा वकील असतो. लहान विक्रेता दुसऱ्याचे निवेदन उतरवून घेतो. प्रस्तुत लेखकाने मागे कोकणातील एका विक्रेत्याकडून आंब्याची पेटी मागविली, तेव्हा सवयीने तळचे निवेदन वाचले. त्यात मध्येच एका परक्या कपड्यांच्या दुकानाचे नाव राहून गेले होते आणि तंट्याचा निवाडा कॅलिफोर्नियातील न्यायालयात व्हावयाचा होता. (आंबे उत्तम निघाले, हे सांगणे न्यायाचे होईल.) ऑस्टिनने १९५५ च्या हार्वर्ड-व्याख्यानांत वचनासारख्या उक्ती कशा फसतात याची मीमांसा केली आहे. मनात नसता वचन देणे हा त्यांतील एक प्रकार. येथे मात्र बोलणाऱ्यास आपण बोललो याचाच पत्ता नाही. दोष सर्वस्वी त्याचाही नाही. आपल्याकडील २०११ च्या नियमांनी असे निवेदन संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक केले, आणि मूळ कायद्यातील व्याख्येत एकट्याच्या मालकीचा व्यवसायही बसत होता. नियमाला पान हवे होते, पान मिळाले.

आता मराठीकडे येऊ. ‘गोपनीयता धोरण’ या जोडनावातील दोन्ही पदे दिशाभूल करतात. ‘गुप्’ या धातूचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे. पण मराठीत ‘गोपनीय’ म्हणजे लपवून ठेवण्याजोगे, सरकारी लखोट्यावरचे. ग्राहकाचा पत्ता काही गुपित नव्हे. तो त्याचा खासगी आहे, एवढेच. ‘खासगी’ हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे; होळकरांच्या कारभारात दौलत निराळी आणि खासगी निराळी असे. ‘धोरणा’विषयी तर बोलावयासच नको. धोरणी माणूस म्हणजे वारा पाहून वागणारा. त्याच्याकडून कोणी शब्दाची अपेक्षा करीत नाही.

मजकुरातही हेच चालते. ‘आपली माहिती तृतीय पक्षांसह सामायिक केली जाऊ शकते’, हे वाक्य या प्रकारच्या मराठीचा नमुना म्हणून घ्यावे. सामायिक असते ती विहीर किंवा भिंत. दोघांचाही हक्क असलेली वस्तू. ग्राहकाच्या फोन नंबरावर परक्याचा हक्क आधीच मान्य करून हे वाक्य सुरू होते. ‘तिऱ्हाईत’ हा शब्द कानी पडताच सावध होणारा वाचक ‘तृतीय पक्ष’ निमूटपणे ओलांडून जातो. आणि कर्ता? तो कोठेच नाही. कर्ता झाकण्याची कला आपल्या दफ्तरी मराठीस ‘देण्यात येईल’पासून अवगत आहे, त्यात ‘शकते’ची भर पडल्याने आता क्रिया घडते की नाही हेही झाकले गेले.

हा विषय आताच काढण्यास कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची विनंती स्पष्ट व साध्या भाषेत असावी, आणि ती व तिच्यासोबतची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, असे ठरविले आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. काही वर्गांना या कलमातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने राखला आहे हे खरे. तरी मराठी सूचनांची गरज मोठ्या प्रमाणावर निर्माण होणार, हे उघड आहे. त्या इंग्रजी साच्यावरून उतरविल्या, तर वरचे वाक्यच हजारो ठिकाणी वाचावयास मिळेल.

पेटी विकणाऱ्यास खरे म्हणजे इतकेच सांगावयाचे असते : ‘तुमचे नाव, पत्ता आणि फोन नंबर आम्ही पेटी पोचविण्यासाठी घेतो. ते कुरिअरवाल्याला देतो, आणखी कोणाला देत नाही. पुढच्या हंगामात फोन केलेला नको असेल तर सांगा, नंबर काढून टाकू.’ ही वाक्ये वकिलाला आवडणार नाहीत, कारण त्यांतील प्रत्येक मोडता येण्याजोगे आहे. आणखी एक अडचण याहून खरी आहे. ज्या तयार प्रणालीवर त्याने दुकान मांडले ती, आणि पैसे स्वीकारणारी कंपनी, ग्राहकाविषयी काय काय टिपून ठेवते हे त्या विक्रेत्यास स्वतःलाच ठाऊक नसते. त्यामुळे ‘आणखी कोणाला देत नाही’ हे वाक्य तो आज प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. आधी त्या दोन कंपन्यांनी त्याला तितक्याच साध्या मराठीत सांगावयास हवे.