तपासणी आणि वाचन : बंगळूरहून चालणाऱ्या मराठी भाषाशिक्षणाच्या पर्यवेक्षणाविषयी

शालेय भाषाशिक्षणाचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. एक माध्यमाच्या वादाच्या अंगाने आणि दुसरा पाठ्यपुस्तकांतील वेच्यांच्या निवडीच्या अंगाने. शिक्षक आणि पुस्तक या दोहोंवर देखरेख ठेवणारा जो तिसरा घटक, म्हणजे तपासणी अधिकारी, त्याच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. तो प्रशासनाचा विषय मानला गेला. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, भाषेच्या शिक्षणाचे पर्यवेक्षण ही मूलतः वाचनाची कृती आहे. आणि ज्या व्यवस्थेत पर्यवेक्षकाने ती भाषा वाचावी अशी अपेक्षाच नसते, त्या व्यवस्थेत पर्यवेक्षण केवळ मोजदादीवर येऊन थांबते. पटसंख्या मोजली जाते, निकालाची टक्केवारी मोजली जाते. भाषेचे काय झाले हे मात्र शेरेबुकात येत नाही.

१

या चर्चेसाठी बंगळूर हे ठिकाण निवडण्याचे कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. त्याबरोबर बेळगाव आणि सीमाभागातील मराठी शाळांचे नियंत्रण मुंबई-पुण्याकडून बंगळूरकडे आले. सीमाप्रश्नाच्या राजकीय बाजूविषयी विपुल लिहिले गेले आहे, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यामुळे त्या प्रश्नाला न्यायालयीन परिमाणही लाभले. पण या स्थलांतराचा एक वाङ्मयीन परिणाम दुर्लक्षित राहिला. मराठी मुलांच्या हाती पडणारे मराठी पुस्तक जेथे मराठी साहित्यव्यवहार दैनंदिन नाही अशा शहरात सिद्ध होऊ लागले.

कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू, मराठी, तमिळ आणि तेलुगू अशा सात माध्यमांची पुस्तके काढतो. हा व्याप लहान नाही आणि त्यामागील घटनात्मक भूमिका आदरणीय आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो; ३५० ख त्यावर लक्ष ठेवण्यासाठी विशेष अधिकारी नेमतो. सोय झाली की नाही, हा या अनुच्छेदांचा प्रश्न आहे. जी सोय झाली तिची भाषा कशी आहे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. गणित, विज्ञान, समाजविज्ञान यांची मराठी पुस्तके बहुतांशी अनुवादित असतात. मुलाच्या वाट्याला शाळेत येणाऱ्या मराठी गद्याचा मोठा भाग अशा रीतीने अनुवादित गद्याचा असतो. अनुवादाभ्यासाच्या क्षेत्रात याहून मोठ्या वाचकवर्गाचा आणि याहून कमी समीक्षा झालेला अनुवाद सहसा सापडणार नाही.

हे चित्र एकतर्फी नाही, हे येथेच नोंदविले पाहिजे. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपल्या परिचयाची ‘बालभारती’, आठ माध्यमांची पुस्तके काढते आणि त्यांत कन्नडही आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड शाळांचे कन्नड पुण्यात घडते. बंगळूर मराठीची देखरेख करते, पुणे कन्नडची. दोन्ही राज्ये एकमेकांच्या भाषेची पालक आहेत, आणि दोन्हीकडे पाल्याच्या भाषेत वाचणारा पालक दुर्मीळ आहे.

२

एके काळी स्थिती वेगळी होती, असे म्हणताना भूतकाळाचे गौरवीकरण करण्याचा हेतू नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात शाळांची तपासणी आणि भाषेची घडण ही कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे असत, ही वस्तुस्थिती आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी अध्यापन केले, पाठ्यपुस्तके लिहिली आणि शाळांची तपासणीही केली. १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे सरकारी शाळांचे सुपरिंटेंडंट झाले. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी शालेय मराठी पुस्तकांचे संशोधन दीर्घकाळ केले. मराठी गद्यात विरामचिन्हांची व्यवस्था रूढ होण्याशी त्यांचे नाव निगडित आहे. कँडींच्या मराठीवर आक्षेप घेतले गेले आणि ते योग्यच होते. पण आक्षेप घेता येतो याचा अर्थच असा की, पर्यवेक्षकाने वाचले होते आणि वाचून काही निर्णय घेतले होते. त्या निर्णयांचा प्रतिवाद शक्य होता.

१८५५ साली शिक्षणखाते स्थापन झाल्यावर ‘डेप्युटी’ हे पद गावोगावच्या शाळांच्या अनुभवाचा भाग बनले. खेड्यातल्या तोंडी त्याचे ‘दिपोटी’ झाले. या पदाचा सर्वांत अर्थपूर्ण इतिहास मात्र मराठीचा नाही, कन्नडचा आहे. धारवाड-बेळगाव भागात पेशवाईपासून मराठी ही दफ्तराची भाषा होती, आणि कंपनी सरकारच्या काळात कन्नडभाषक मुलांसाठीही मराठी शाळा चालत. या परिस्थितीला ज्यांनी कलाटणी दिली त्यांपैकी प्रमुख चन्नबसप्पा (१८३४–१८८१) यांना कन्नड वाङ्मयेतिहास आजही ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ याच नावाने ओळखतो. पुण्यात शिकलेल्या या अधिकाऱ्याने, रसेल यांच्यासारख्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पाठबळावर, कन्नड शाळा उघडल्या, कन्नड शिक्षक तयार करण्याच्या कामाला गती दिली, आणि १८७१ साली शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’चे ‘नगदवरन्नु नगिसुव कथे’ हे कन्नड रूपांतरही केले.

तौलनिक अभ्यासकाला येथे थांबावे लागेल. नाटकाचे रूपांतर हा डेप्युटीसाहेबांचा फावल्या वेळचा छंद होता, असे समजणे सोपे आहे. पण शाळा उघडणे, शिक्षक घडविणे आणि शेक्सपिअरला कन्नडमध्ये हसविणे या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : या भाषेत काय काय करता येते? तपासणी अधिकारी हा प्रश्न स्वतःच्या लेखणीने सोडवीत होता. पुढे १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, त्याची भूमी अशा कामाने तयार झाली होती.

मराठी अभ्यासकाला या इतिहासातून दुसरीही गोष्ट पत्करावी लागते. चन्नबसप्पांचे काम ज्या वर्चस्वाविरुद्ध होते ते मराठीचे होते. आज बंगळूरच्या पर्यवेक्षणाविषयी जी तक्रार मराठी शाळा करतात, तिच्याशी मिळतीजुळती तक्रार शतकाहून अधिक काळापूर्वी कन्नडभाषकांना आपल्याविषयी होती. सीमाभागातील भाषाशिक्षणाच्या चर्चेत हे विसरले जाते आणि म्हणून ती चर्चा फिर्यादीच्या पलीकडे जात नाही.

३

विसाव्या शतकात पर्यवेक्षकाची जागा हळूहळू समितीने घेतली. बंगळूरच्या संदर्भात याचे ठळक उदाहरण विनायक कृष्ण गोकाक (१९०९–१९९२) यांचे आहे. धारवाड आणि ऑक्सफर्ड येथे शिकलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकविलेले, सांगली-कोल्हापूरकडे प्राचार्यपद भूषविलेले, हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक आणि बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले हे कवी, भारतातील तौलनिक साहित्यविचाराच्या अध्वर्यूंपैकी एक होते. कर्नाटक सरकारने १९८० साली शालेय भाषाधोरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संस्कृत प्रथम भाषा म्हणून घेऊन कन्नड टाळण्याची जी पळवाट माध्यमिक शाळांत होती, तिच्यातून हा प्रश्न उद्भवला होता. १९८१ मधील अहवालाने माध्यमिक स्तरावर कन्नडला एकमेव प्रथम भाषेचे स्थान द्यावे अशी शिफारस केली. १९८२ मध्ये अभिनेते राजकुमार यांच्या सहभागाने त्यासाठी मोठी चळवळ झाली.

गोकाकांच्या वाङ्मयीन व्यक्तिमत्त्वाला दोनच नव्हे, अनेक भाषांचा संस्कार होता. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल मात्र लोकस्मृतीत एका भाषेच्या क्रमांकाचा अहवाल म्हणून राहिला. हा दोष गोकाकांचा म्हणता येणार नाही. ‘प्रथम’, ‘द्वितीय’, ‘तृतीय’ या परिभाषेतच तो आहे. त्रिभाषासूत्र भाषांना क्रमांक देते, गुण देते. त्या भाषा एकाच मुलाच्या मनात शेजारी शेजारी नांदतात तेव्हा काय घडते, हे विचारण्याची जागा त्यात नाही. बेळगावच्या मराठी शाळेतील मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन वाङ्मयांच्या उंबऱ्यावर उभे असते. तौलनिक साहित्याचा इतका स्वाभाविक विद्यार्थी अन्यत्र मिळणे कठीण. पण त्याच्या तिन्ही पुस्तकांचे पाठ एकमेकांशी बोलतात का, हे पाहणारा कोणी नेमलेला नसतो.

पुढील इतिहास मुख्यतः न्यायालयीन आहे. २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने कर्नाटकाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड ठरविले; उच्च न्यायालयाने २००८ मध्ये खासगी विनाअनुदानित शाळांपुरता तो अमान्य केला आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवील, असे सांगितले. त्यानंतर २०१५ मध्ये कर्नाटकाने कन्नड शिकणे सक्तीचे करणारा कायदा केला आणि २०२० मध्ये महाराष्ट्राने मराठीसाठी तसाच केला. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. या सर्व प्रकरणांत वाद ‘कोणती भाषा’ याविषयी झाला. ‘कशी शिकविली जाते आणि ते कोण पाहतो’ हा प्रश्न प्रत्येक वेळी मागे पडला.

२०२२ साली कर्नाटकातील पाठ्यपुस्तकांच्या पुनर्रचनेवरून जे वादळ उठले ते या दृष्टीने बोलके आहे. देवनूर महादेव यांच्यासारख्या लेखकाने आपला पाठ वापरण्याची अनुमती नाकारली. कन्नड समाज आपले शालेय पुस्तक किती जागरूकपणे वाचतो, याचे ते प्रमाण होते. त्याच शहरातून निघणाऱ्या मराठी वाचनमालेला असा वाचकसमाज लाभलेला नाही. महाराष्ट्रातील समीक्षकाला ती आपली वाटत नाही, कर्नाटकातील समीक्षकाला ती वाचता येत नाही.

४

बंगळूरमध्येच दुसऱ्या प्रकारचे पर्यवेक्षणही नांदते आहे. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी दक्षिणेतील राज्यांची प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ पासून तेथे आहे. जर्मन आणि फ्रेंच यांच्यासाठी मॅक्स म्यूलर भवन व आलियाँस फ्राँसेज यांच्या शाखा आहेत. या परकीय भाषांच्या मागे शिक्षकप्रशिक्षण, ठरीव पातळ्या आणि परीक्षा यांची यंत्रणा उभी असते. २००१ मध्ये युरोप परिषदेने प्रसिद्ध केलेली सहा पातळ्यांची चौकट तिचा आधार आहे. म्हणजे एकाच शहरात जर्मन शिकविणाऱ्याचा तास जर्मन जाणणारा माणूस पाहतो. मराठी शिकविणाऱ्याच्या बाबतीत अशी शाश्वती देता येत नाही.

तरीही ही चौकट जशीच्या तशी उचलणे श्रेयस्कर नाही. ती भाषेकडे कार्य म्हणून पाहते : वाट विचारता येते का, अर्ज लिहिता येतो का. मातृभाषेच्या वाचनमालेचे काम एवढ्यावर संपत नाही. तेथे परंपरेशी नाते जुळावे लागते. शिवाय परकीय भाषांची ही यंत्रणाही धोरणापुढे दुबळी ठरते. केंद्रीय विद्यालयांतील तृतीय भाषा म्हणून जर्मनचे शिक्षण २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर थांबविण्यात आले, तेव्हा उत्तम प्रशिक्षित शिक्षकांचाही इलाज चालला नाही. घ्यायचे असेल तर एवढे तत्त्व घ्यावे की, भाषेच्या अध्यापनाचा पर्यवेक्षक त्या भाषेचा वाचक असला पाहिजे.

५

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. हजारो शाळांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून वाङ्मयीन वाचनाची अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे, आणि प्रत्येक माध्यमासाठी स्वतंत्र वाचक-पर्यवेक्षक नेमणे राज्याला परवडणारे नाही. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र उपलब्ध व्यवस्थेतच आहे. कर्नाटकातील विद्यापीठांत मराठीचे अध्ययन होते, महाराष्ट्रात कन्नडचे होते. म्हैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्था आहे. बंगळूरच्या मराठी पुस्तकांचे आणि पुण्याच्या कन्नड पुस्तकांचे परस्पर परीक्षण या विभागांनी नियमितपणे करावे, अनुवादित विषयपुस्तकांच्या भाषेवर लेखी अभिप्राय द्यावेत, आणि ते जाहीर व्हावेत, यासाठी नव्या पदांची गरज नाही. गरज आहे ती शालेय पुस्तकाला समीक्षेचा विषय मानण्याची. ही जबाबदारी शासनाइतकीच विद्यापीठीय अध्यासनांची आहे, आणि ती आजवर त्यांनी क्वचितच घेतली आहे.

परस्परता ही येथे कळीची अट आहे. महाराष्ट्राने केवळ बंगळूरची मराठी पुस्तके तपासायला घेतली, तर तिला सीमावादाची शाखा मानले जाईल, आणि तसे मानणाऱ्यांना दोष देता येणार नाही. जतच्या मुलाचे कन्नड आणि बेळगावच्या मुलाचे मराठी यांची काळजी एकाच वेळी वाहणारी समीक्षाच विश्वासार्ह ठरेल. चन्नबसप्पा पुण्यात शिकून धारवाडला गेले आणि गोकाक धारवाडहून पुण्याला येऊन बंगळूरला गेले. या वाटा मळलेल्या आहेत. त्यांवरून पाठ्यपुस्तकांनी आणि त्यांच्या वाचकांनी जाणे-येणे सुरू केले, तर शेरेबुकातील मोजदादीच्या जोडीला भाषेविषयीची चार वाक्ये लिहिली जाण्याची शक्यता निर्माण होईल.