न सांगणारे खेळ

२०२४ मध्ये माझा सर्वांत जास्त वेळ ‘बलाट्रो’नं घेतला, आणि त्यातला एकही तास वाया गेला असं मला वाटत नाही. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात राहणाऱ्या आणि ‘लोकलथंक’ या टोपणनावानंच ओळखल्या जाणाऱ्या माणसानं हा खेळ जवळजवळ एकट्यानं घडवला. फेब्रुवारीत तो आला, महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या, आणि डिसेंबरात गेम ॲवॉर्ड्सच्या सोहळ्यात त्याला तीन पारितोषिकं मिळाली. वरवर पाहता तो पोकर आहे. दिवाळीत तीनपत्तीला बसणाऱ्यांना जोडी, कलर, सीक्वेन्स यांची ओळख करून द्यावी लागत नाही, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत सगळं कळल्यासारखं वाटतं. मग जोकर येतात. एकूण दीडशे, आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा.

राजांची जोडी टाकली असं समजा. जोडीचे मूळ १० गुण, दोन राजांचे २०, एकूण ३०. त्याला २ नं गुणायचं म्हणजे ६०. पहिलाच टप्पा ३०० चा आहे. आता तुमच्याजवळ दोन जोकर आहेत. एक गुणकात ४ मिळवतो, दुसरा पानांत जोडी असेल तर गुणकच दुप्पट करतो. मिळवणारा डावीकडे ठेवला तर आधी २ चे ६ होतात, मग ६ चे १२, आणि एकाच हातात ३६० गुण. तेच दोन जोकर उलट क्रमानं मांडले तर गुणक ८ वर थांबतो आणि २४० गुणच हाती लागतात. पानं तीच, जोकर तेच. खेळ आकडे समोर मांडतो, पण क्रम चुकला असं कुणी म्हणत नाही. एका रात्री ते आपोआप लक्षात येतं आणि त्यानंतर मांडलेला प्रत्येक डाव वेगळा दिसू लागतो. आठवा टप्पा संपताना गुण लाखाच्या घरात गेलेले असतात, आणि ते तिथवर नेले कुणी, याचं उत्तर खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. खऱ्या पैशाचा एकही डाव यात लावता येत नाही. तरी युरोपात वयोगट ठरवणाऱ्या संस्थेनं २०२४ मध्ये याला अठरा वर्षांवरच्यांचा शिक्का दिला होता. मला तो अन्याय वाटला. हा खेळ नशिबावर विसंबायला शिकवत नाही, नशिबाला कामाला लावायला शिकवतो.

२०२४ बद्दलचं माझं मत इथूनच निघतं. बहुतेक मोठ्या खेळांत खेळणारा नाही, पात्र वाढतं. तलवार धारदार होते, आकडा चढतो, आणि आपण मात्र पहिल्या दिवशी होतो तेवढेच राहतो. माझ्या आवडीच्या खेळांत पात्र जवळपास तसंच राहिलं, वाढलो मी. चित्रपटाकडे कॅमेरा आहे, गाण्याकडे सूर. व्हिडिओ गेमचं खास स्वतःचं असं जे आहे ते म्हणजे नियम, आणि खेळता खेळता ते नियम हाताला कळत जाणं. चित्रं, संगीत, संवाद हे इतर कलांकडून घेतलेलं धन आहे. ते मी मनापासून उपभोगतो, पण खेळाची पारख त्यावर करत नाही.

या कसोटीला लख्ख उतरला ‘ॲनिमल वेल’. शिकागोच्या बिली बासोनं सात वर्षं एकट्यानं त्याचा कोड लिहिला, त्याचं इंजिनसुद्धा स्वतःच बांधलं. सारा खेळ ३५ एमबीच्या आत मावतो. फोनवर येणारे साधे व्हिडिओ याहून मोठे असतात. अंधाऱ्या विहिरीत एक गोळा जागा होतो, आणि पुढे काय करायचं हे एका शब्दानंही सांगितलं जात नाही. फुगे फुंकायची कांडी मिळते. फुगा हे खेळणं आहे असं वाटतं, मग त्यावर पाय टेकवून उडी मारता येते हे कळतं, मग वारा त्याला कुठवर नेतो ते पाहण्याची बुद्धी होते. फ्रिस्बी कुत्र्यांना भुलवते, आणि हवेत असताना तिच्यावर स्वारही होता येतं. प्रत्येक वस्तूच्या पोटात असे दोन-तीन उपयोग दडलेले आहेत आणि ते सापडेपर्यंत दहा वेळा त्याच खोलीतून आपण आंधळेपणानं गेलेलो असतो. मराठी शाळेत तिसरीत असलेला माझा भाचा शेजारी बसला होता. या खेळात त्याला वाचता न येण्यासारखं काही नव्हतं, आणि फ्रिस्बीवर बसता येईल हे मला त्यानंच सुचवलं.

याहून खोल रहस्यं एकट्यानं सुटणारी नाहीत. एका भित्तिचित्राचे तुकडे वेगवेगळ्या खेळाडूंच्या खेळांत विखुरलेले आहेत. पन्नास वेगळे तुकडे जमल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांना तुकडे दाखवले आणि ते पूर्ण केलं. खेळाची सीमा पडद्याबाहेर नेण्याचा इतका निर्मळ प्रयोग मी पाहिलेला नाही.

मे महिन्यात स्वीडनमधल्या माल्मोच्या सिमोगो या छोट्या चमूचा ‘लोरेलाय अँड द लेझर आइज’ आला. जुनं हॉटेल, काळा-पांढरा रंग आणि मध्येच भडक गुलाबी-लाल, रोमन अंक, भूलभुलैया, कुलुपं. हालचालीच्या बाणांखेरीज लागतं ते फक्त एक बटण. वही-पेन जवळ ठेवावं लागतं. माझ्या वहीतल्या त्या पानांवर आजही तारखा, बाण आणि खोडलेली गणितं आहेत. काही कोडी जरूरीपेक्षा लांबतात, आणि चुकून उघडलेल्या यादीतून बाहेर पडण्यातच कंटाळा येतो. पण कोड्याचं उत्तर हेच कथेचंही उत्तर असावं, ही किमया फार थोड्यांना साधते. इथे ती साधली आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ जानेवारीत आला आणि वर्षअखेर लोक त्याला विसरून गेले, याचं मला वाईट वाटतं. नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला जाऊन डॉसवरचा राजपुत्र पळवलेल्या पिढीला जॉर्डन मेकनरचा १९८९ चा मूळ खेळ पाठ आहे. सुळ्यांवर पडणं, उंच उडीच्या कडेला बोटांनी लटकणं. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या युबीसॉफ्टच्या चमूनं तो वारसा सार्गोन नावाच्या नव्या वीराच्या हाती दिला, त्याला काफ पर्वतावर नेलं, आणि मालिकेत प्रथमच फारसी संवादांची सोय केली. माझ्या लेखी त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र साधी आहे. न उघडणारं दार दिसलं की तिथलं चित्र टिपून नकाशावर टाचता येतं. लक्षात ठेवण्याचा त्रास खेळानं आपल्या अंगावर घेतला, शोधण्याचा आनंद खेळणाऱ्याकडे ठेवला. ऑक्टोबरात हा चमू विखुरल्याची बातमी आली. चांगलं काम हातून घडल्यावर त्या हातांना पुन्हा एकत्र बसू न देणं हा या धंद्याचा जुना रोग आहे.

सोनीच्या घरातली घटना त्याहून बोलकी. ‘काँकॉर्ड’ हा अनेक वर्षं खपून केलेला ऑनलाइन नेमबाजीचा खेळ २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला; लोकांचे पैसे परत केले गेले. नेमक्या ६ सप्टेंबरलाच ‘ॲस्ट्रो बॉट’ बाजारात आला आणि पुढे वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. त्या इवल्या यंत्रमानवाच्या पायाखाली वाळू, गवत, काच कशी वाजते हे कंट्रोलरमधून तळहाताला कळतं. मी तो हसत हसत संपवला. मनात घर करून मात्र राहिला नाही, कारण कोड्यांपेक्षा त्याला आपल्याच जुन्या खेळांची आठवण काढण्यात जास्त रस आहे.

हांगझोच्या गेम सायन्सच्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’नं तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या. त्यातली शान्शी प्रांतातली मंदिरं पाहताना मी हातातलं सोडून नुसता उभा राहिलो आहे. तिथल्या वाटा मात्र वारंवार अदृश्य भिंतींशी अडतात. जे दिसतं तिथे जाता येत नाही. एवढं देखणं जग उभं करून ते पाहण्यापुरतंच ठेवलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० साली ‘राजी’त पौराणिक भारत फार प्रेमानं रंगवला होता, आणि तिथेही लढाईचे नियम चित्रांच्या तोडीचे नव्हते. ऑक्टोबरात आलेला पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ मला असाच भासला: पेहराव इथला, नियम जगभर रुळलेले. आपल्या मातीतला नियम शोधायचा तर सोंगट्या, विटी-दांडू, मंगळागौर यांच्याकडे कुणीतरी शिल्पकाराच्या नजरेनं पाहावं असं मला तळमळीनं वाटतं.

‘१००० एक्स रेझिस्ट’ माझ्या कसोटीत बसत नाही आणि तरी तो मला सोडायचा नाही. त्यात पळणं-शोधणं थोडं, बोलणं फार. व्हँकुव्हरच्या सनसेट व्हिजिटरनं तो केला; यातली बरीच मंडळी रंगभूमीची, आणि ते प्रवेशांच्या आखणीत दिसतं. हजार वर्षांनंतर एकाच मुलीच्या प्रतिकृतींचा समाज तिला आई म्हणून पुजतो, आणि त्यातली एकजण तिच्या आठवणींत उतरते. आठवणींत आहे २०१९ चं हाँगकाँग, रस्त्यावर उतरलेले आईबाप, आणि परदेशात वाढलेली, त्यांच्यावर रागावलेली लेक. एक बटण दाबून त्याच खोलीत काळात मागे-पुढे जाता येतं. जेवणाच्या टेबलावरचं भांडण आणि त्याआधीचा सुना काळ असे शेजारी ठेवले जातात. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांनी हा खेळ मुलांबरोबर खेळावा. नियमांनी नव्हे, काळाच्या मांडणीनं तो आपल्याला समजूतदार करतो, म्हणून माझी कसोटी मला थोडी सैल करावी लागते.

पहिली जागा तरी मी ‘यूएफओ ५०’लाच देतो. डेरेक यू आणि त्याच्या सोबत्यांनी १९८०च्या दशकातली एक काल्पनिक कंपनी रचली आणि तिचे पन्नास खेळ खरोखर करून दाखवले. त्यात रटाळ खेळही आहेत. ‘बार्बुटा’ मला आजही सहन होत नाही. पण ‘पार्टी हाउस’मध्ये पाहुण्यांची यादी जमवताना, पोलीस दाराशी येणार का याचा अंदाज बांधताना रात्र सरते. आणि ‘मोर्टोल’. त्यात वीस जीव मिळतात. जुन्या आर्केडमध्ये जीव जपायचे असत. इथे ते खर्चायचे: एक जीव बाण होऊन भिंतीत रुततो आणि पुढच्याला पायरी मिळते, एक दगड होऊन खड्डा बुजवतो, एक स्फोट होऊन वाट मोकळी करतो. उरलेले जीव पुढच्या पातळीवर नेता येतात, त्यामुळे कुणाला कुठे खर्ची घालायचं हा हिशोब पहिल्याच पातळीपासून करावा लागतो. जीव म्हणजे चुकांची शिल्लक, ही चाळीस वर्षांची समजूत एका छोट्याशा नियमानं उलटी केली, आणि ती उलटली आहे हे मला सांगायला कुठेही एक ओळ लिहिलेली नाही.