सत्तर बाय नव्वद

बुलेट 350च्या जुन्या इंजिनाची सगळी घडण दोन मापांत आहे. बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर. हिशोब केला की 346 सीसी. रॉयल एनफिल्डने हे माप दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच मॉडेल जीमध्ये वापरलं होतं. 1949मध्ये त्याच मापाची नवी बुलेट इंग्लंडातल्या रेडिचहून आली. 1955पासून ती मद्रासला बनू लागली. 1967मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट हीच दोन मापं घेऊन थेट 2023पर्यंत विकली गेली. या काळात हेड बदललं, बॅरल बदललं, गिअरचा पाय उजव्याचा डावा झाला, शेवटी कार्बोरेटरही गेला. 70 आणि 90 मात्र हलले नाहीत. वृत्त तेच ठेवून वेगवेगळ्या कवींनी काय साधलं ते पाहावं, तशी ही इंजिनं एकापाठोपाठ एक वाचता येतात. मग जुन्या बुलेटवर ‘काम’ करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताची पारखही करता येते.

आधी मूळ रचना. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, शिवाय क्रँकला जड फ्लायव्हील. असलं इंजिन घाईचं नसतं. कंपनीच्या आकड्यांत मिनिटाला 5625 फेऱ्यांना 18 हॉर्सपॉवर लिहिलेले असतात. पण तेवढ्या फेऱ्यांवर 90 मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये पिस्टन सेकंदाला सरासरी 17 मीटर पळत असतो, आणि हँडलवरच्या हातांना त्याचा त्रास लगेच कळतो. या इंजिनाची खरी चव खालच्या फेऱ्यांत आहे. घाटात वरचा गिअर न सोडता थ्रॉटल जरा उघडावा आणि गाडीने कुरकुर न करता चढ ओढावा, हे त्याचं बलस्थान. त्याचं फायरिंग कानाला गोड लागतं तेही याच टप्प्यात.

रचनेत एक गोष्ट मात्र आजच्या वाचकाला खटकते. कॉम्प्रेशन फक्त 6.5. म्हणजे सिलिंडरभर आलेलं मिश्रण साडेसहा पटच दाबलं जातं. हा आळस नव्हता. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये 1953पर्यंत ‘पूल’ पेट्रोल मिळत होतं, सत्तरीच्या आसपास ऑक्टेनचं. ते जास्त दाबलं तर ज्योत पोचायची वाट न पाहता उरलेलं मिश्रण आपोआप पेटायचं आणि नॉकिंग सुरू व्हायचं. म्हणून कॉम्प्रेशन खाली ठेवलं. आपल्याकडेही पुढची अनेक वर्षं पेट्रोल काही फार बरं नव्हतं, त्यामुळे ती तडजोड तशीच चालत राहिली. पेट्रोल सुधारलं तरी इंजिन जुन्याच पेट्रोलसाठी बेतलेलं राहिलं. जुन्या बुलेटमध्ये सुधारणेला जी जागा आहे ती नेमकी इथे.

गॅरेजात गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, “पिकअप पाहिजे का ॲव्हरेज?” या इंजिनाच्या बाबतीत प्रश्नच चुकलेला आहे. पिस्टन सर्वांत वर आला की त्याच्या डोक्यावर उरते ती जागा 6.5च्या हिशोबाने सुमारे 63 सीसी. ती 53वर आणली की कॉम्प्रेशन 7.5 होतं. कागदावरच्या गणितात तेवढ्याने त्याच पेट्रोलमधून साधारण 5 टक्के जास्त काम निघतं. ते काम चढावर वापरायचं की थ्रॉटल तेवढा कमी उघडून पेट्रोल वाचवायचं, हे चालवणाऱ्याच्या मनगटावर आहे. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही एकच.

कामाचा दर्जा कळतो तो हे 10 सीसी कसे काढले यावरून. चांगला मिस्त्री आधी मोजतो. हेड उलटं ठेवतो, वॉल्व्ह जागेवर, प्लग घट्ट. कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवतो आणि भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड चकती वर दाबून बसवतो. मग बिनसुईच्या सिरिंजने त्या भोकातून पातळ ऑइल सोडत राहतो. ऑइल चढत जातं, हवेचा बुडबुडा आक्रसत भोकाशी येतो आणि निघून जातो. सिरिंजवर किती ऑइल गेलं ते वाचायचं, त्यात गास्केटची जाडी मिळवायची, पिस्टनच्या डोमचा फुगवटा वजा करायचा. आता कॉम्प्रेशनचा खरा आकडा हाती आला. ‘अंदाजाने हेड घासलं’ असं जो सांगतो, त्याच्या कामाचं रसग्रहण तिथेच थांबवावं.

मोजल्यानंतरचा मोह म्हणजे उंच डोमचा पिस्टन. आकडा झटकन वाढतो. पण बुलेटचं हेड आतून घुमटासारखं आहे आणि प्लग एका बाजूला. त्या घुमटात उंच डोम शिरला की जळायची जागा पातळ, वाकडी फट होऊन बसते. ज्योतीला डोंगर ओलांडून पलीकडे जावं लागतं. कॉम्प्रेशन वाढलं, पण ज्वलन मंदावलं. मग ठिणगी लवकर द्यावी लागते, आणि पिस्टन वर येत असतानाच पेटलेला वायू त्याला उलटा रेटू लागतो. मिळवलेलं अर्धं तिथेच जातं. म्हणून 7.5 साधणारा बेताचा डोम हे संयमाचं लक्षण, आणि 9च्या गप्पा हे हौशीपणाचं.

ज्वलन झपाट्याने व्हावं हा विचार जुना आहे. हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने 1919च्या सुमारास साइड-वॉल्व्ह इंजिनाच्या हेडची एक कडा पिस्टनच्या अगदी जवळ आणली. पिस्टन वर येताच तिथलं मिश्रण चिरडून बाहेर फेकलं जाई आणि घुसळलं जाई. ज्योत वेगाने पसरे, नॉकिंग मागे हटे, कॉम्प्रेशन वाढवता येई. आपल्या म्हैसूरच्या सोमेंदर सिंग यांनी त्या चपट्या कडेतच खाचा कोरायची कल्पना मांडली. 2001मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळालं. बुलेटच्या घुमटात अशी चपटी कडा जवळजवळ नाहीच, म्हणून बुलेटला वेगळी वाट शोधावी लागली.

ती वाट कारखान्यानेच दोनदा शोधली. 1999-2000च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एव्हीएल या कंपनीच्या मदतीने लीन बर्न इंजिन आलं. बोअर-स्ट्रोक तेच, बॅरल ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचं, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी, आणि पातळ मिश्रणही नीट जळावं अशी हेडची मांडणी. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली, फायरिंग गेलं म्हणाले. तक्रार खरी आहे, पण अर्धी. मंद, थोडं अडखळतं ज्वलन हाच त्या आवाजाचा एक भाग होता. ज्वलन सुधारल्यावर तो बदलणारच. पुढे यूसीई, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात, एका घुमटाला दोन प्लग आले. ज्योतीची वाट निम्मी झाली आणि कॉम्प्रेशन 8.5वर गेलं. त्याचे आकडे नीट वाचण्यासारखे आहेत: 5250 फेऱ्यांना 19.8 हॉर्सपॉवर. साठ वर्षांत दोन हॉर्सपॉवरही वाढले नाहीत, असं कुणी हसून म्हणेल. पण ताकद वाढली ती कमी फेऱ्यांवर, 5625वरून 5250वर येऊन. इंजिनाचा मूळ स्वभाव ओळखून केलेली सुधारणा अशी दिसते.

जुन्या गाडीत दोन प्लगचं हेड नसतं, पण कार्बोरेटर असतो, आणि तिथे बराच रस आहे. मिककार्ब या कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये एक निमुळती निडल लोंबते. थ्रॉटल पाव ते पाऊण उघडा असतो तेव्हा पेट्रोलचा हिशोब ती ठेवते. मेन जेटचा अंमल त्यापुढे. रोजच्या चालवण्यात आपण क्वचितच पाऊणच्या पुढे जातो. तरी ॲव्हरेजसाठी मेन जेट लहान करणारे भरपूर. त्याने ॲव्हरेज हलत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ पडून पिस्टन तापतो तो वेगळाच. जाणकार निडलची क्लिप एक खाच वर-खाली करतो, त्याच थ्रॉटलवर गाडी काही अंतर पळवतो, चालत्या इंजिनाची ठिणगी तोडतो, क्लच दाबून थांबतो आणि प्लग काढून बघतो. आतली चिनी माती फिकट तपकिरी हवी. पांढरी असेल तर मिश्रण पातळ, काजळी असेल तर घट्ट. इंजिनाने स्वतःच लिहिलेला हा अभिप्राय आहे, मीटरच्या आकड्यापेक्षा खरा.

या इंजिनाची मर्यादा क्रँकमध्ये आहे. जुन्या बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथे, रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश आहे. ऑइल वेळेवर बदललं, इंजिन गरम होईपर्यंत दमाने चालवलं, तर ते वर्षानुवर्षं टिकतं. फेऱ्यांचा हव्यास केला की खडखड सुरू. मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, हलकं केलेलं फ्लायव्हील ही सगळी सुधारणा वरच्या फेऱ्यांसाठी असते, आणि तिथे हे इंजिन दुबळं आहे. पोवाड्याच्या शाहिराला ठुमरी गायला लावण्यातला प्रकार. मोकळ्या सायलेन्सरने तर आवाजाखेरीज काहीच वाढत नाही, शेजाऱ्यांचा राग सोडून.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून निघालेलं. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणून लिटरमागे अंदाजे 6-7 टक्के ऊर्जा घटते आणि ॲव्हरेज उतरतं. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ पडतं; रबराचे पाइप आणि फ्लोट निडलचं टोकही फुगतं. पण इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, त्यामुळे हे पेट्रोल जास्त दाब सोसतं. 6.5चं इंजिन ज्या भीतीपोटी घडलं, तीच भीती या इंधनाने कमी केली. कॉम्प्रेशन 7.5वर नेलं की इथेनॉलने नेलेलं बरंचसं परत मिळतं.

म्हणून क्रम असा लावावा. आधी वॉल्व्ह नीट लॅप करून घ्या, पॉइंट आणि टायमिंग जागेवर आणा, पेट्रोलचे पाइप बदला. मग हेड मोजून घ्या आणि बेताच्या डोमने 7.5पर्यंत जा, त्यानंतर टायमिंग किंचित मागे आणि निडल प्लगच्या रंगाप्रमाणे. यापलीकडची ओढ असेल तर जुनं इंजिन पिळू नका, यूसीईची वापरलेली बुलेट घ्या. तिथे हेच 70 बाय 90 त्याच्या पूर्ण कुवतीने वाजतं, आणि त्यासाठी कुणाचाही बिग एंड बळी द्यावा लागत नाही.