पाकीट नसलेली तंबाखू

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी विचारले होते, "तुमच्या वर्गातील किती मुलांच्या घरी सिगारेट ओढली जाते?" चारदोन हात वर झाले. मग विचारले, "आणि मिश्री किती घरांत लावली जाते?" या वेळी बरेच हात वर झाले, थोडा हशाही पिकला. तो हशा माझ्या लक्षात राहिला. सिगारेटच्या प्रश्नाला कोणी हसले नव्हते. आपल्या राष्ट्रीय तंबाखू-नियंत्रण धोरणाचे परीक्षण करताना या हशापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

प्रथम धोरणाच्या पदरात जे माप पडते ते घालू. १९७५च्या कायद्याने फक्त सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे केले होते. २००३च्या कायद्याने बिडी, गुटखा, खाण्याची तंबाखू अशी सर्वच उत्पादने कक्षेत आणली. २००४मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रण करारास मान्यता दिली. २००७-०८मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले आणि मे २००९पासून पाकिटांवर चित्रमय इशारे आले. एप्रिल २०१६पासून या इशाऱ्यांनी पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला. एवढा मोठा इशारा त्या वेळी फार थोड्या देशांत होता.

याचा परिणाम झाला का? प्रौढांच्या तंबाखूसेवनाची दोन राष्ट्रीय सर्वेक्षणे आपल्यापुढे आहेत. २००९-१०मध्ये १५ वर्षांवरील ३४.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७मध्ये हे प्रमाण २८.६ टक्के झाले. १५ ते २४ वयोगटात ते १८.४वरून १२.४वर आले. ही घट खरी आहे आणि स्वागतार्हही आहे. पण टक्केवारी वाचताना छेद विसरू नये, हे आपण वर्गात शिकवतो. दरम्यान लोकसंख्या वाढली. त्यामुळे टक्केवारी सुमारे सतरा टक्क्यांनी उतरली तरी तंबाखू घेणाऱ्यांची संख्या २७.५ कोटींवरून २६.७ कोटींवर, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांनी, खाली आली.

यापेक्षाही बोलका आहे तो प्रकारवार तपशील. सिगारेट ओढणारे ५.७ टक्क्यांवरून ४.० टक्क्यांवर आले. म्हणजे मूळ प्रमाणाच्या तीस टक्के घट. बिडी ९.२वरून ७.७वर आली, घट सोळा टक्के. खैनी, म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, ११.६वरून ११.२वर, घट तीन-साडेतीन टक्के. केवळ या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. उत्पन्न, शिक्षण, किंमत अशा अनेक गोष्टी या काळात बदलल्या. तरीही दुसऱ्या सर्वेक्षणातील आणखी एक निरीक्षण त्याच दिशेला बोट दाखवते. पाकिटावरचा इशारा पाहून व्यसन सोडण्याचा विचार मनात आला, असे सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्के, बिडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सांगितले.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. आपल्या धोरणाचे डोळे पाकिटावर खिळलेले आहेत. पण विदर्भातला खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रातला मावा टपरीवर गिऱ्हाइकासमोर घोटून प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून मिळतो. त्या तुकड्यावर इशारा कोण छापणार? मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते. १९९२मध्ये दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी झाली, पण तव्यापर्यंत ती पोचू शकत नाही. २०१२मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या आल्या आणि मिश्रण कारखान्याऐवजी गिऱ्हाइकाच्या तळहातावर होऊ लागले. सुटी सिगारेट व बिडी विकण्यास राज्याने सप्टेंबर २०२०मध्ये मनाई केली, ती याच कारणाने योग्य होती. सुट्या सिगारेटबरोबर इशारा जात नाही.

धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज या सगळ्यामागे आहे. तंबाखूतील नायट्रोसामाइन गटाची कर्कजनक द्रव्ये पान वाळवताना व मुरवतानाच तयार होतात. त्यांना पेटवण्याची गरज नसते. निकोटिन हिरड्यांवाटेही रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोचते. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. या स्त्रियांपैकी बहुतेक जणी मिश्री लावणाऱ्या होत्या. आता वर्गातला तो हशा आठवून पाहा.

दुसरा आक्षेप करांविषयी. २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर वेगळा उपकर बसला, बिडीवर बसला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला. बिडीचा दर मात्र २८वरून १८ टक्के करण्याचे ठरवले. कारण सांगितले जाते ते रोजगाराचे, आणि ते खोटे नाही. सोलापूर, सिन्नर भागांतील बायका विड्या वळून घर चालवतात. परंतु त्यांच्या रोजीचे उत्तर स्वस्त बिडी हे नव्हे. पर्यायी रोजगार हे त्याचे उत्तर आहे. आपण मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारातील सतरावे कलम नेमके तेच सांगते. गरिबाच्या हाताला काम द्यायचे म्हणून दुसऱ्या गरिबाच्या फुप्फुसात धूर भरायचा, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही.

शिक्षकांनी यात काय करावे? शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असे २००३चा कायदा सांगतो. म्हणजे ९१.४४ मीटर. दहावीच्या मुलांना टेप द्या, शाळेचा नकाशा काढायला सांगा आणि टपऱ्या त्यावर मांडू द्या. भूमिती, परिमाणे आणि नागरिकशास्त्र एकाच तासात होईल. तो नकाशा मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे पाठवता येईल.

मिश्रीचा नकाशा मात्र टेपने निघणार नाही. त्यासाठी पालकसभेत आयांशी बोलावे लागेल, दोष न देता आणि न हसता. ज्या तंबाखूला पाकीट नाही, तिच्यावरचा इशारा कोणीतरी तोंडानेच सांगावा लागतो.